गोफणीबाबतचा अर्ज

माझ्या बायकोची बोटं वाकडी आहेत. संधिवातानं ती गेल्या बारा-पंधरा वर्षांत हळूहळू वाकत गेली. मधली बोटं आता सरळ होत नाहीत, आणि दोन्ही अंगठ्यांच्या बुडाशी गाठी आल्या आहेत. कणीक मळणं तिनं सोडलं, ते काम माझ्याकडे आलं. डब्याचं घट्ट झाकण, साडीची पिन, औषधाच्या बाटलीचं बूच, एवढ्यासाठी ती मला हाक मारते. बाकी सगळं ती करते. हे आधी सांगितलं, कारण पुढं जे लिहिणार आहे ते या बोटांशी मी काय केलं त्याबद्दल आहे.

मी एका सरकारी कार्यालयात छत्तीस वर्षं बाबू होतो. मंगरूळपीरला बसस्टँडच्या मागं आमचं घर आहे. अर्ज लिहिणं हा माझा हातखंडा. माझे वडील मजूर होते, त्यांना साध्या रेशनकार्डासाठीही दुसऱ्याच्या दारात उभं राहून अर्ज लिहून घ्यावा लागे. लिहून देणारा माणूस आधी त्यांना अंगण झाडायला लावी. त्यामुळे आमच्या घरात अर्ज लिहिता येणं ही मोठी गोष्ट होती. नोकरी लागल्यावर मी कुणाचाही अर्ज लिहून दिला, अंगण कुणाला झाडायला लावलं नाही. निवृत्तीनंतरही लोक येत. विहारापुढचा रस्ता, हातपंप, बसचा थांबा, सगळे अर्ज माझ्या हातचे. गावात मला बाबूजी म्हणतात आणि ते मला आवडतं.

मुलगी नागपूरला नोकरीला आहे. तिचा आईला रोज फोन येई, पण दोन मिनिटांचा. जेवलीस का, गोळी घेतली का, बाबा काय करतात. एवढं झालं की दोघींपाशी बोलायला काही उरत नसे. एकदा दिवाळीच्या सुट्टीत आली तेव्हा तिनं आईच्या मोबाईलवर एक खेळ टाकून दिला. म्हणाली, "आई, हा आपण दोघी मिळून खेळू. तू इथून, मी तिकडून."

खेळ सोपा आहे. समोरासमोर दोन गढ्या. दोन्ही बाजूंनी तीन-तीन जण. ज्यांची गढी आधी पडेल ते हरले. प्रत्येकानं आपला एक गडी निवडायचा. तलवारवाला, तिरंदाज, भालेवाला, पहिलवान असे वीसेक गडी त्यात आहेत. खेळणारे कुठंही असोत, त्यांना एकमेकांचा आवाज ऐकू येतो. पण बहुतेक गड्यांना चालवायला दोन्ही अंगठे भराभर फिरवावे लागतात. एका अंगठ्यानं चालायचं, दुसऱ्यानं नेम धरायचा. बायकोला ते जमेना. दोन दिवस तिनं प्रयत्न केला आणि मोबाईल बाजूला ठेवला.

मग मुलीनं तिला गोफणवाली दाखवली. हिरवं लुगडं नेसलेली, कमरेला पदर खोचलेली बाई. तिला नेम धरावा लागत नसे. बोट ठेवायचं, गोफण गरगर फिरू द्यायची, बोट उचलायचं. दगड आपला आपण जाऊन समोरच्या गड्याला लागे. दगड केव्हा सोडायचा, एवढंच खेळणाऱ्याच्या हाती.

बायको पडद्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "अवो पाहा ना. हे तं मीच होय."

तिचं माहेर रिठदचं. लहानपणी ती दुसऱ्याच्या ज्वारीत राखणीला जाई. माळ्यावर उभं राहून दिवसभर गोफणीनं पाखरं उडवायची. आता सगळीकडे सोयाबीन झालं, ज्वारी राहिली नाही, आणि गोफण कुणाच्या घरात शोधून सापडणार नाही. पण तिच्या डोळ्यांत ती राखण होती. पाखरू कणसावर बसायच्या आधी कुठं वळतं हे जिनं पाच-सहा हंगाम पाहिलं, तिला समोरचा तलवारवाला कुठून येणार ते लगेच कळे. दगड आपोआप लागे हे खरं, पण तो ज्या क्षणी सुटायला हवा त्या क्षणी सोडणारी ती होती. इतर लोक गोफणवाली घेऊन हरत. ती जिंकू लागली.

संध्याकाळचे सहा ते सात ही वेळ तिची झाली. पलंगावर मांडी घालून बसायची, मोबाईल उशीला टेकवायचा, आणि उजव्या हाताचं तेवढं एक बोट. तिसरा गडी म्हणून त्यांना शेलूबाजारचा एक जीपवाला मिळाला. तो खेळातच भेटला, बोलीवरून कळलं की इकडचाच आहे. तो तिला मावशी म्हणे.

"मावशी, तुमी दगड मारत राहा, मी तलवार घेऊन घुसतो."

"घूस, पन मरून नको येऊ. काल तीनदा मेला तू."

"काल ट्रिपवर होतो ना मावशी. पॅसेंजर भरून राह्यलो होतो."

"मंग पॅसेंजरच भर. गढी कायले पाडतो?"

तिकडून मुलगी हसायची. किती तरी वर्षांत मी तिचं तसं हसणं ऐकलं नव्हतं. खेळता खेळता ती आईला ऑफिसातल्या गोष्टी सांगे, साहेबाची नक्कल करे. एका संध्याकाळी ती रडली, आणि गढी पडू देऊन दोघी बोलत राहिल्या. कशाबद्दल ते मला कळलं नाही. मी पेपर धरून शेजारच्या खुर्चीत बसलेला असे.

मीही तो खेळ मोबाईलवर घेतला होता. बायकोला सुरुवातीला सांगितलं नाही. बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर आम्ही काही निवृत्त मंडळी बसतो, तिथं दोघं-तिघं खेळत होते. मी तलवारवाला घेतला. माझी बोटं धड आहेत, चष्माही चांगला आहे, तरी मी हरत असे. वयाच्या मानानं ठीक आहे असं मंडळी म्हणायची. मला ते चाललं असतं. पण पुढं दोन गोष्टी घडल्या.

एकदा शेलूबाजारला उतरलो होतो. बायकोबरोबर खेळणारा तो जीपवाला जवळ आला, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, "तुमी मावशीचे मालक ना? फोटो पाह्यला होता तुमचा." आजूबाजूच्या दोघांना बोलावून त्यानं सांगितलं, "हे आपल्या गोफणवाल्या मावशीचे मिस्टर." त्या दोघांनी हात जोडले. मला चहा पाजला. तिथं बाबूजी कुणी म्हटलं नाही.

दुसरी गोष्ट त्याच महिन्यातली. मी खेळतो हे मुलीला कळलं, आणि एका रविवारी आमच्या टपरीच्या मंडळींचा आणि बायकोच्या तिघांचा सामना ठरला. आम्ही पाच डाव खेळलो, पाचही हरलो. शेवटच्या डावात मी तिच्या गढीच्या दारापर्यंत पोचलो होतो. तिनं मला येऊ दिलं. अगदी पायरीवर आलो तेव्हा दगड बसला. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "काहो, तलवारीले धार लावून आना. का विळी देऊ घरातली?"

सगळे हसले. मुलगी हसली, जीपवाला हसला, माझ्या बाजूचे दोघंही हसले. तिनं ते थट्टेनंच म्हटलं होतं. लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली, इतकी थट्टा तिनं करायचीच. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलाशी बसलो आणि कोरा कागद घेतला.

विषय : गोफणवाली या पात्राच्या अवाजवी ताकदीबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर पात्राचा दगड नेम न धरता आपोआप लागत असल्यामुळे, मेहनतीनं खेळणाऱ्या इतर खेळाडूंवर अन्याय होत आहे. तरी दगड आपोआप लागण्याची सोय बंद करून सर्वांना न्याय द्यावा.

ही दोन वाक्यं लिहिताना तिची बोटं माझ्या डोळ्यांपुढं नव्हती, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. ते खरं नाही. मी "दगड आपोआप लागण्याची" इथपर्यंत आलो होतो तेव्हा तिनं स्वयंपाकघरातून हाक मारली. तिखटाच्या डब्याचं झाकण निघत नव्हतं. मी उठलो, झाकण काढून दिलं, परत येऊन बसलो आणि पुढं "सोय बंद करून" असं लिहिलं.

एकट्याचा अर्ज हलत नाही हे नोकरीत शिकलो होतो. एक अर्ज आला की तो गठ्ठ्यात जातो. एकाच विषयाचे चाळीस अर्ज, वेगवेगळ्या माणसांचे, वेगवेगळ्या शब्दांत, एकाच आठवड्यात आले की साहेब फाइल मागवतो. बसचा थांबा मी तसाच मिळवला होता. जिल्ह्यातल्या खेळणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यात गोफणवालीवर चिडलेले पुष्कळ होते. मी एकेकाला वेगळा निरोप केला. मसुदा पाठवला, आणि बजावलं की आपापल्या शब्दांत लिहा, माझं नाव घेऊ नका. खेळातच तक्रार पाठवायची जागा आहे. चाळीसेक जणांनी ती पाठवली. बायकोला यातलं काही माहीत नव्हतं.

महिना-दीड महिना गेला. मीही विसरल्यासारखा झालो होतो. मग एका सकाळी खेळाचं नवीन अपडेट आलं. सोबत कंपनीची सूचना होती. ती मी उभ्या उभ्याच वाचली. खेळाडूंच्या तक्रारी विचारात घेऊन, खेळाचा समतोल राखण्यासाठी, गोफणवालीचा दगड आता आपोआप लागणार नाही. खेळाडूनं बोट ओढून नेम धरावा. दोन दगडांमधला वेळही वाढवला होता. तो मी मागितला नव्हता.

ही कंपनी कुठली, तिथं कोण बसतं, मला माहीत नाही. माझ्यासारखे अर्ज त्यांना आणखी कुठून कुठून गेले असतील. माझ्या चाळिसांनीच हे झालं असं मी म्हणू शकत नाही. झालं नसतं असंही म्हणू शकत नाही.

बायको सूचना वाचत नाही. बटण दाबते आणि पुढं जाते. त्या संध्याकाळी ती नेहमीसारखी बसली. ते मार्चचे शेवटचे दिवस होते, मुलीच्या ऑफिसात हिशेबांची गर्दी होती, आणि लग्नसराईमुळे जीपवाल्याला श्वास घ्यायला वेळ नव्हता. त्यामुळे ती अनोळखी लोकांबरोबर खेळत होती, तिला सांगणारं कुणी नव्हतं. पहिला दगड सुटला आणि मातीत पडला. दुसराही. खेळात दगड मातीत पडला की धुळीचा एक लहानसा फुफाटा उठतो.

"काहो, आज माहा दगड कुठी जाऊन राह्यला?"

मी पेपरमधून डोकं काढलं नाही. म्हणालो, "पाह्य बापा. नेट गेलं असन."

तिसऱ्या दिवशी तिनं मोबाईल ठेवला आणि दोन्ही हात समोर धरून पाहत बसली. डाव्या हातानं उजवं बोट चोळलं. मग म्हणाली, "बोटाईतली ताकद गेली वाटते माह्या."

त्या वेळी सांगायला हवं होतं. वाक्य एकच होतं, कंपनीनं गोफण बदलली. स्वतःचं नाव न घेताही ते सांगता आलं असतं. पण मला वाटलं की मी गोफणीबद्दल एक शब्द जरी काढला तरी ती माझ्या तोंडाकडे पाहील आणि तिला सगळं कळेल. मी म्हणालो, "दवाखान्यात दाखवू."

आणि नेलं. बसनं वाशीमला नेलं. डॉक्टरांनी विचारलं काय होतं, तर म्हणाली, "बोट ठेवलं का दगड भलतीकडंच जाते." डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, मोबाईलवरचा खेळ आहे. ते हसले, बोटं दाबून पाहिली, आणि आधीच्या गोळीपेक्षा जोराची गोळी लिहून दिली. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून ती म्हणाली, "चांगलं झालं आनलं तुमी. मी काही बोलली नसती."

त्या गोळीनं तिच्या पोटात आग पडू लागली. थंड दूध पिऊन ती गोळी घेई, आणि दुपारी खेळातलं सरावाचं अंगण उघडून दगड मारत बसे. गोळीनं फरक पडतो का ते बघायला. मी ते पाहत होतो. हे पंधरा-सोळा दिवस चाललं.

मग एका रविवारी जीपवाल्याला सवड मिळाली. तो खेळात आला, तिचे दोन दगड मातीत पडलेले पाहिले आणि म्हणाला, "मावशी, आजून जुन्यासारखंच मारून राह्यल्या का? कंपनीनं गोफण नर्फ केली ना." खेळातल्या एखाद्या गड्याची ताकद कंपनीनं कमी केली की ही मंडळी त्याला नर्फ म्हणतात.

"म्हंजे?"

"म्हंजे आता बोट ओढून नेम धरा लागते. सगळ्याईचंच तसं झालं."

तिनं मोबाईल मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात वर करून मला दाखवले. "आइकलं का? हात बरे हायेत माहे!" तिचा चेहरा इतका मोकळा झाला होता की मला खुर्चीतून उठून बाहेर जावं लागलं.

हात होते तसेच होते, आणि नेमकं तेच पुरेसं नव्हतं. बोट ठेवून उचलणं तिला जमे. ठेवून ओढणं आणि ओढता ओढता वळवणं जमेना. गाठीपाशी कळ येई आणि दगड सुटून जाई. तिनं महिनाभर प्रयत्न केला. मुलगी आणि जीपवाला दोघं तिला सांभाळून घेत, आणि तिघं मिळून हरत. खेळातल्या क्रमवारीत वरच्या पायरीवरून ते खाली, आणखी खाली उतरत गेले.

एक दिवस ती मला म्हणाली, "तुमी अर्ज करा ना कंपनीले. अख्ख्या गावाचे केले, माहा एक करा."

मी केला. माझ्या आयुष्यात मी लिहिलेला तो सगळ्यात चांगला अर्ज असेल. बोटांबद्दल लिहिलं, राखणीबद्दल लिहिलं, नागपूरच्या मुलीबद्दल लिहिलं. तिला वाचून दाखवला. तिनं डोळे पुसले आणि पाठवा म्हणाली. पाठवल्या क्षणी उत्तर आलं. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. एवढंच. तिनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"मंग? कवा करतीन?"

"करतीन," मी म्हणालो.

एकट्याचा अर्ज हलत नाही हे मला माहीत होतं. ते चाळीस जण मला पुन्हा लागणार होते. मी दोघा-तिघांना हळूच विचारून पाहिलं. एक जण म्हणाला, "काका, तुमीच तं बंद करा म्हनून लेहाले लावलं होतं. काय ते एक ठरवा ना बाप्पा." त्यानं हे ग्रुपवर लिहू नये म्हणून मी विषय तिथंच सोडला. म्हणजे तिच्यासाठी जे एक करता आलं असतं, ते मी माझ्या नावाला जपून अर्ध्यावर टाकलं.

पावसाळ्याच्या सुमारास ती मुलीला म्हणाली, "तू अन् तो खेळा. दुसरा कोनी घ्या. माह्यामुळं हारून राह्यले तुमी." मुलगी नाही नाही म्हणत राहिली. पण बायको एकदा ठरवलं की ठरवलं. सहा वाजता ती भाजी निवडू लागली. मुलीचा फोन पुन्हा दोन मिनिटांवर आला. जेवलीस का, गोळी घेतली का, बाबा काय करतात.

इकडे कंपनीचं चालूच होतं. दर महिन्या-दोन महिन्यांनी नवा फरक. तलवार जड केली, मग हलकी केली. तिरंदाजाचे बाण कमी केले. पहिलवानाला असा बनवला की आठ दिवस सगळे पहिलवानच घेऊन खेळत होते, आणि नवव्या दिवशी त्याला मोडून ठेवलं. टपरीवर आमची मंडळी रोज शिव्या देत. "यायले खेळ समजते का? थंड खोलीत बसून बटनं दाबून राह्यले." "आपण इतकी मेहनत करून हात बसवला, अन् यायनं एका दिवसात मातीत घातला." यांतल्याच काहींनी माझा मसुदा पाठवला होता. मी मान डोलवत असे.

छत्तीस वर्षं मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो. बाहेरचा माणूस माझ्यावर ओरडे, आणि मी म्हणे की वरून आदेश आहे. त्या वेळी मला राग येई, पण त्या माणसाला निदान माझं तोंड दिसत होतं. मी चिडलेलो आहे का, मला लाज वाटते का, हे त्याला कळत होतं. आता मी बाहेर उभा होतो आणि आत कोणी आहे की नाही तेच कळत नव्हतं.

हिवाळ्यात तुरीच्या हिरव्या शेंगा आल्या. एका दुपारी ती अंगणात पेपर पसरून शेंगा सोलत होती. अंगठ्यानं शेंग फोडता येत नाही, म्हणून ती तळहाताच्या बुडानं दाबून फोडते. मी समोर बसून सोलू लागलो. मग मी म्हणालो, "तो अर्ज मी केला होता."

"कोन्ता?"

"गोफणीचा. बंद करा म्हनून. सगळ्याईले मीच लेहाले लावलं होतं."

तिचा हात थांबला नाही. दोन शेंगा फोडून झाल्यावर म्हणाली, "कायले?"

"तू जितत होती."

ती एक शेंग बघत राहिली. मला वाटलं आता ती हसेल, किंवा रडेल. तिनं विचारलं, "अन् दवाखान्यात नेलं तवा मालूम होतं तुमाले?"

"होतं."

ती उठली. गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठली, मी हात दिला तो तिनं घेतला नाही. आत जाऊन औषधाच्या डब्यातून तिनं त्या जोराच्या गोळ्यांचं अर्धं उरलेलं पाकीट आणलं आणि माझ्यासमोर सोललेल्या दाण्यांवर ठेवलं.

"हे घ्या. तुमच्या फायलीले लावा."

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. कणीक मळून मी परात सरकवायचो, ती पोळ्या लाटायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ग्रुपवर लेहा. जसं चोरून लेहलं तसं समद्याईसमोर लेहा."

मी लिहिलं. विषय घालून, तारीख घालून, खाली माझं नाव घालून लिहिलं. मसुदा मी केला, हेतू हा होता, माझ्या बायकोची बोटं अशी आहेत, आणि पंधरा-सोळा दिवस मी तिला आजारी समजू दिलं. तिला वाचून दाखवलं. "दवाखान्याचं नीट लेहा," ती म्हणाली. मी नीट लिहिलं आणि पाठवलं.

मला वाटलं होतं लोक माझी छी-थू करतील. त्याची मी तयारी केली होती. चार जणांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. एकानं लिहिलं, "काका, जाऊ द्या, वय होते." दुसऱ्यानं लिहिलं, "ते सोडा, नवीन अपडेट पाह्यलं का? भालेवाल्याची वाट लावली." त्यानंतरचे सगळे निरोप भालेवाल्याचे होते. माझं लिहिलेलं वर सरकत सरकत दिसेनासं झालं. जीपवाल्याकडून ते मुलीपर्यंत पोचलं होतं. तिचा फोन आला, मी उचलला. ती म्हणाली, "बाबा, आईला द्या." मला तिनं अजून काही विचारलेलं नाही.

त्यानंतर आठवड्याभरानं मी बायकोला म्हणालो, "तू सांग कवा सोडाचा. बोट मी फिरवतो." पलंगावर सरकून तिनं मला जागा दिली.

मुलगी आली, जीपवाला आला. "आई, आलीस?" मुलीनं विचारलं.

"हाव. पन हात तुह्या बापाचे हायेत."

डाव सुरू झाला. ती पडद्यावर डोळे रोखून सांगत होती. "थांबा... येऊ द्या त्याले... वळन आता... सोडा. सोडा ना. अवो, आता!" मी सोडला. धुळीचा फुफाटा उठला. ती "आता" म्हणे आणि माझं बोट हलायला जो वेळ लागे, तेवढ्यात समोरचा निघून गेलेला असे. मी आधीच सोडून पाहिलं, तर तो यायच्या आत दगड जाई. तीन डाव झाले, तीनही गेले. जीपवाला म्हणाला, "मावशी, कंपनीले सांगून काकाले नर्फ करा." मुलगी हसली. बायकोही हसली. मग तिनं माझं बोट पडद्यावरून उचलून बाजूला केलं आणि म्हणाली, "पाखरू उडाच्या आंधी हात हालला पाह्यजे. तुमचा मांगून हालते."

मी दर महिन्याला कंपनीला एक अर्ज करतो. एकट्याचा, माझ्या नावानं, तोच विषय. उत्तर त्याच क्षणी येतं आणि तेच येतं. सुरुवातीला ती विचारायची, काय आलं म्हणून. आता विचारत नाही.

पण सहा वाजता ती भाजी निवडत नाही. पलंगावर मांडी घालून बसते, मोबाईल माझ्या हातात देते आणि म्हणते, "चला, हारून घेऊ."